अक्रोडाच्या पेनावरचा गोंद

बाइंडरांचं सगळं आयुष्य गोंदात गेलं होतं. छापखान्याच्या बांधणी विभागात त्यांनी इतकी वर्षं पुस्तकांच्या पाठी चिकटवल्या होत्या, की निवृत्त झाल्यावरही गल्लीतले लोक त्यांना बाइंडर याच नावाने ओळखत. खळ असो, सरस असो, डिंक असो, नुसतं बोट लावून ते सांगत की सुकायला अजून किती वेळ आहे. आणि आता घराच्या मागच्या खोलीत, वीतभर पेनासाठी, एक गोंद त्यांना रडवत होता. खरोखरच रडवत होता. त्याची वाफ डोळ्यांत गेली की घळाघळा पाणी येई.

पेन लेकीसाठी होतं. लेक जनावरांची डॉक्टर. दुसऱ्यांच्या दवाखान्यांत राबून राबून आता कुठे ती स्वतःचा दवाखाना उघडणार होती. पहिल्या दिवशी तिच्या टेबलावर आपल्या हातचं पेन असावं, असं बाइंडरांनी मनात घेतलं. अक्रोडाचा एक जुना तुकडा शोधून काढला, मधोमध भोक पाडून त्यात पितळेची नळी बसवली आणि लेथवर फिरवून तो बोटांत अलगद बसेल असा कातला. इथवर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. घोडं अडलं ते पुढे.

लाकडाला काचेसारखी चकाकी हवी, तर त्यावर तो पातळ, झटपट चिकटणारा गोंदच एकावर एक थर देत लावावा लागतो. पुस्तकाचा गोंद माणसाला जरा विचार करू देतो. हा श्वास घेऊ देत नाही. सुरुवातीला टिश्यूचा कागदच पेनाला चिकटून बसला. मग अंगठा आणि तर्जनी एकमेकांना अशी बिलगली, की बायकोने त्यांचा हात कोमट साबणाच्या पाण्यात धरून ती सोडवली आणि वर म्हणाली, "बरं झालं, चव घेऊन बघितली नाहीत." सगळं खरवडून त्यांनी पुन्हा थर दिले, लवकर सुकावं म्हणून फवारा मारला, पाणी लावून पॉलिश पेपरने घासलं. पेन पुसून उजेडात धरलं, तर मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखं पांढुरकं!

पूर्वी हे काम जावई करायचा. लेथही त्याचंच. लेक-जावयाचा फ्लॅट लहान, म्हणून यंत्र सासऱ्याकडे आलं आणि यंत्रामागोमाग दर रविवारी जावईही. हे कातायचे, तो गोंद लावायचा. मग लेकीचं आणि त्याचं बिनसलं. आदळआपट नाही, आरडाओरडा नाही. एका छताखाली राहून दोघं एकमेकांना परकी होत गेली आणि शेवटी रीतसर वेगळी झाली. त्या दिवसापासून बाइंडरांनीही त्याचं नाव टाकलं. त्याचे फोन यायचे, हे उचलायचे नाहीत. बापाने लेकीच्या बाजूने उभं राहायचं असतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. रविवारची दुपार मात्र खायला उठायची.

पेन पांढरं पडलं त्याच आठवड्यात त्याचा निरोप आला, तोही बायकोच्या फोनवर. मोठी जागा मिळाली आहे, शनिवारी येऊन लेथ नेऊ का?

"त्याची वस्तू आहे, नेऊ दे," बायको म्हणाली.

"मी कुठे नको म्हणतोय?"

"तोंडाने नाही म्हणत. तोंड बघा जरा आरशात."

शनिवारी तो आला. वाळला होता, दाढी वाढली होती. पूर्वी दारातूनच "बाबा, आलो हो!" असं ओरडणारा, आता कुठल्याच नावाने हाक मारत नव्हता. "नमस्कार," म्हणाला, आणि परवानगी मागितल्यासारखं बघत मागच्या खोलीत गेला. यंत्राचे बोल्ट सोडवायला वाकला, तेव्हा त्याला त्यात अडकवलेलं पेन दिसलं.

"कुणासाठी?"

"तिच्यासाठी. दवाखाना उघडतेय."

खिशातून चष्मा काढून त्याने पेन हळूहळू फिरवून पाहिलं. "फवारा बराच मारलात."

"सुकत नव्हतं."

"सुकत होतं. तुम्ही थांबत नव्हता." मग टोकाशी नख टेकवून म्हणाला, "आणि इथे घासता घासता गोंद संपून लाकूड उघडं पडलंय. पाणी आत शिरलं. पांढरं होणारच."

विचारणं बाइंडरांच्या जिवावर आलं होतं. "तुला घाई आहे का जायची?"

त्याने पाना खाली ठेवला. "गाडी मित्राची आहे. संध्याकाळपर्यंत दिली तरी चालेल."

त्याने खिडकी सताड उघडली. बाइंडरांनी पांढरा थर पार लाकडापर्यंत काढला, लाकूड स्पिरिटने पुसलं, सुकू दिलं. टिश्यूची बारीक घडी करून जावयाने तिच्यावर गोंदाचे थेंब सोडले आणि यंत्र मंद चालवून घडी पेनाखालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेली. दाबली नाही, परत फिरवली नाही.

"तिथे राहिलं बघ थोडं," बाइंडर पुढे झाले.

"राहू दे. पुढच्या थरात भरेल. आत्ता परत गेलो, तर वळ उठेल."

मग थांबणं आलं. थर सुकेपर्यंत दोघांना करण्यासारखं काहीच नव्हतं आणि बोलण्यासारखं फार होतं.

"तुझे फोन उचलले नाहीत मी," बाइंडर खिडकीकडे बघत म्हणाले.

"कळलं होतं मला."

"तुझ्यावर राग होता असं नाही."

"असता तरी चाललं असतं. रागावून तरी बोलला असतात."

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. ट्रेमध्ये तीन कप होते. जावयाला तिने नखशिखांत पाहिलं. "हाडं मोजून घ्यावीत असा झालायस. जेवतोस की नुसता गोंद हुंगतोस?" तो हसला आणि हसता हसता त्याने चष्मा पुसायला काढला.

थरावर थर चढत गेले. शेवटी पाण्यातला पॉलिश पेपर बाइंडरांनी हातात घेतला, टोकांशी हलका हात ठेवून घासलं, मग पॉलिशचं मलम लावून फडक्याने चोळलं. अक्रोडाच्या तपकिरी रेषा पाण्याखाली असाव्यात तशा दिसू लागल्या. नख फिरवलं तर कुठे अडत नव्हतं. संध्याकाळी दोघांनी मिळून लेथ गाडीत चढवलं, आणि गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावरही बाइंडर बराच वेळ फाटकात उभे राहिले.

पहिल्या दिवशी ते लेकीला पेन द्यायला गेले. दवाखान्यात नव्या रंगाचा वास होता, कोपऱ्यात एक मांजर पिंजऱ्यातून गुरगुरत होतं. लेकीने पेन बोटांत फिरवलं. "बाबा, किती सुरेख!"

"कातलंय मी," ते घाईघाईने म्हणाले. "चकाकी त्याची आहे. लेथ न्यायला आला होता. मी विचारलं, त्याने करून दिलं. तुला नको असेल तर मी दुसरं करतो."

लेक खुर्चीत बसली. "तो येतो का अजून रविवारी?"

"छे! तेव्हापासून मी बोलतसुद्धा नव्हतो त्याच्याशी."

"का?"

"का म्हणजे? तुझ्यासाठी."

"मी कधी सांगितलं तुम्हाला?" तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "बाबा, आमचं नाही जमलं. तुमचं तर झकास जमायचं. मला वाटत होतं, निदान तुम्ही दोघं तरी एकमेकांना धरून असाल. तेवढीच मला काळजी कमी."

आपण लेकीसाठी केलं ते तिला नकोच होतं, हे बाइंडरांच्या गळी उतरायला वेळ लागला. लेकीने पेन कोटाच्या खिशाला लावलं आणि मांजराला तपासायला उठली. "जा त्याच्याकडे," पाठमोरीच म्हणाली. "आणि माझ्यासमोर चोरट्यासारखं त्याचं नाव टाळत बसू नका. मला त्याचाच जास्त त्रास होतो."

रविवारी बाइंडर बस बदलत बदलत त्याच्या नव्या जागेवर पोचले. त्याने दार उघडलं, आणि बाजूला होऊन म्हणाला, "या ना, बाबा." खोलीत खोकी अजून न उघडलेली, पण लेथ खिडकीशी लागलेलं, त्यावर एक नवं पेन कातून तयार. बाइंडरांनी सदऱ्याच्या बाह्या सरसावल्या.

"आज गोंद मी लावणार. तू हात खिशात घालून उभं राहायचं."

त्याने खरंच हात खिशात घातले. बाइंडरांनी घडी केली, थेंब सोडले, श्वास रोखून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, परत फिरायचा मोह गिळला. थर सुकल्यावर पेन त्याच्या नाकासमोर धरलं. "कसं काय?"

त्याने चष्मा वर सरकवून नीट पाहिलं. "शेवटाला वळ आलाय."

"चालेल का?"

"नाही."

"मग दे तो पॉलिश पेपर इकडे," बाइंडर म्हणाले आणि खुशीत स्टूल पुढे ओढून बसले.