बाकावरचा कोच

कॉलेजच्या फुटबॉल संघात मकरंदने तीन वर्षं राखीव बाकावरच काढली. पुढे २००६ साली परदेशात, हॉर्नबीत, फार्मसीतली नोकरी सांभाळून तो एका हौशी संघाचा कोच झाला आणि त्याने सर्वांत आधी त्या बाकाचे हाल संपवले. बाकावर उशा आल्या, पांघरुणं आली, आल्याचा चहा आणि बायकोच्या, शकूच्या हातची गरम भजी आली.

मग कडाक्याच्या थंडीतल्या एका सामन्यात एकेक खेळाडू लंगडत बाहेर येऊ लागला. मैदानात फक्त गोलकीपर उरला.

"कोच, आता तूच जा," तोंडात भजी कोंबत कॅप्टन म्हणाला.

मकरंद गेला. चेंडू पायाशी येताच तो हरखून जो पळत सुटला, तो शेवटची शिट्टी वाजली तरी थांबेना.

"अहो, मॅच संपली," शकूने हाक मारली.

"तू हो पुढे. मी येतो मागाहून."