दारांवरचे चेहरे

मित्रांनो, मी एक जुना कुंचला आहे, पाट्या रंगवणारा. माझे केस डुकराचे आणि दांडा साध्या लाकडाचा. एका पेंटरनं मला विकत घेतलं आणि आपल्या लेकीच्या हाती दिलं. "अक्षर असं काढ, की वाचणाऱ्याला चष्मा शोधावा लागू नये," एवढंच तो म्हणाला.

पुढे तीच लेक गल्लीची पेंटरबाई झाली. शिंप्याची, न्हाव्याची, वाण्याची पाटी आम्हीच रंगवली. लोक थांबून बघायचे, तेव्हा मी मनातल्या मनात फुगायचो. मग छापील फलक आले आणि आम्ही दोघंही रिकामे झालो.

एके सकाळी पालिकेची दोन माणसं आली आणि प्रत्येक दारावर लाल रंगानं आकडा घालून गेली. रस्ता रुंद करायचा होता, त्यासाठी गल्ली पाडायची होती. अर्ज झाले, हेलपाटे झाले, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. इस्त्रीवाले काका बाईंच्या पायरीवर बसून म्हणाले, "त्यांच्या कागदावर आपण नाहीच गं पोरी. मी आहे सत्तावीस. नुसता सत्तावीस!"

"मग आपण कोण, ते दारावरच दाखवू," बाई म्हणाल्या.

नऊ दिवस मला उसंत नव्हती. दारादारावर, आकड्याच्या शेजारी, आत राहणाऱ्यांचे चेहरे उमटले. दोन भांडखोर जावांनी बजावलं, "आमची तोंडं एकमेकींकडे नकोत हं!" काकांनी स्वतःचा नाही, गेल्या वर्षी वारलेल्या काकूंचा चेहरा मागितला. "कपाळ जरा मोठं काढ. तिला आवडायचं नाही, पण होतं." चित्र पुरं झालं तेव्हा काका दारापुढे कितीतरी वेळ उकिडवे बसून राहिले. मला वाटलं, हे चेहरे बघून पाडायला कोणाचा हात उठेल?

शेवटच्या दारावरच्या भुवया ओल्या असतानाच पालिकेचे साहेब आले. प्रत्येक दारापुढे थांबले. "फार सुंदर," ते म्हणाले, अगदी मनापासून. मग कारकुनाकडे वळले. "आकडे झाकले गेले नाहीत ना? बघून घ्या."

साहेबांमागून बुलडोझर आला, तशा बाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांना दोघी महिला पोलिसांनी दंडाला धरून बाजूला केलं. दुपारपर्यंत सगळं भुईसपाट. काकांनी आपलं दार तेवढं पाठीवर घेतलं.

आता बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला, बहिणीकडे राहतात. काका एकदा भेटायला आले. त्यांच्या नव्या खोलीला ते दार बसत नाही. इस्त्रीला टेबल नव्हतं, म्हणून तेच विटांवर आडवं टाकलंय.

"चेहरा खाली केलाय," काका म्हणाले. "वरून इस्त्री फिरवायला जीव होत नाही."

बाईंच्या हातातला चहा तसाच निवला.

त्या धांदलीत मला धुवायचं राहून गेलं होतं. माझे केस रंगासकट वाळून दगड झालेत. मित्रांनो, कुंचला धुवायचा तर रंग ओला असतानाच धुवा. मागून रॉकेलात बुडवून काही होत नाही. बाईंनी बुडवून पाहिलं, दोनदा.