खिडकीकडे पाठ

क्लोदेतने खिडकीजवळची खुर्ची उचलून चुलीपाशी नेली, तिची पाठ खिडकीकडे केली आणि म्हणाली,

"पपा, आज इथे बसा. ऊब लागेल."

ओनेझिम म्हाताऱ्याने एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा लेकीच्या तोंडाकडे. लग्न झाल्यापासून तो या स्वयंपाकघरात खिडकीकडे तोंड करूनच जेवत आला होता. समोर स्वतःचं बटाट्याचं शेत, शेतापलीकडे नदी, नदीपलीकडे कॅनडा. आज तो चुलीकडे तोंड करून बसला. गावातून जेवण घेऊन आलेल्या ओदिलला ते खटकलं. पण ती पडली याचक, आणि याचकाने यजमानाच्या खुर्च्यांत लक्ष घालू नये.

तिने आणलेलं कोंबडीचं स्ट्यू टेबलावर ठेवलं. काम तसं एका वाक्याचं होतं: काका, शेतातली वाट बंद करू नका. बर्फावरून धावणाऱ्या स्नोमोबाइल गाड्यांची ती वाट ओनेझिमच्या बापाने दिली होती, तीही नुसत्या तोंडी शब्दावर. तिच्या एका अंगाला दलदल, दुसऱ्या अंगाला कागद कंपनीचं जंगल, तिथे कुणाला शिरकाव नाही. शेत बंद झालं की वाट तुटली, आणि वाट तुटली की तिच्या टोकाला असलेलं ओदिलचं खानावळवजा हॉटेल बसलंच म्हणायचं. बर्फाचे चार महिने गाड्यांवरून येणारी माणसं जेवून जात, त्यावर तिचं उरलेलं वर्ष निघे. नवरा गेल्यापासून तिला दुसरा आधार नव्हता.

मागच्या आठवड्यात म्हातारा भर गर्दीत हॉटेलात आला होता आणि त्याने काउंटरवर मूठ आपटली होती.

"गाडीचा मूळ सायलेन्सर काढून पोकळ डबे लावतात लेकाचे! एकूण एक ऐकू येतो मला. आणखी एक जरी ऐकला ना, तर शेताच्या तोंडाशी साखळी बांधीन. मग बसा बोंबलत!"

तो बोलला तर करणार, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ओदिल स्नोमोबाइल मंडळाची अध्यक्ष. ती घरोघर फिरली. वनखात्याच्या दंडाची भीती घातली, हातापाया पडली, दोघांशी तर कडाकडा भांडली, आणि सगळ्यांच्या गाड्यांना जुने सायलेन्सर परत बसवून घेतले. शेवटी राहिला तिचा सख्खा भाऊ रोझेर. हे डबे विकणारा गॅरेजवाला तोच. त्याने आईची शपथ घेऊन कबूल केलं होतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तसं होऊ नये एवढीच तिची प्रार्थना होती.

मघाशी दारातच क्लोदेतने तिला बाजूला घेतलं होतं.

"काल किती वेळ दार बडवत होते मी. पपा उघडेचना! म्हणतो, तळघरात होतो. फोन उचलत नाही. किटली जळून कोळसा झालीये, ती मला कोठीत लपवलेली सापडली. ओदिल, त्याचे कान गेलेत असं वाटतंय मला. तसं असेल तर उद्या बरोबर शहरात घेऊन जाते. इथे एकटा एखाद दिवशी जळून मरेल."

"अगं, पण डब्यांचे आवाज तर त्यांना ऐकू येतात. सगळा गाव धाकात आहे."

"तेच तर बघायचंय मला. आणि वाटेची काळजी तू करू नकोस. तो माझ्याकडे आला, की शेताचं मीच बघणार. मला कशाला आडवं यायचंय? खुशाल जाऊ देत गाड्या."

हे ऐकून ओदिलला हायसं वाटलं होतं. खोटं कशाला सांगा.

आता क्लोदेत तव्यावरून कुट्टूच्या पिठाचे प्लॉय, म्हणजे धिरडीच, काढून ताटात टाकत होती. म्हातारा त्यांना लोणी फासून गुंडाळ्या करत होता. ओदिल स्ट्यू वाढायला उठली आणि त्याच्या मागून म्हणाली,

"काका, मीठ पुढे सरकवू का?"

म्हाताऱ्याने गुंडाळी खाल्ली, बोटं चाटली. ती समोर येऊन बसली तशी त्याची नजर तिच्या ओठांवर येऊन थांबली.

"मीठ हवं का, काका?"

"नको. तुझी लोरेतकाकू होती तेव्हा तीही फार मीठ घालायची."

ओदिलचा हात वाडग्यावर तसाच राहिला. म्हणजे हे असं होतं तर. खिडकीतून गाड्या दिसतात, दहांत एखादा तरी डबेवाला असणारच, मग घाला शिव्या. ज्याला आवाजाचा एवढा त्रास होतो त्याला बहिरा कोण म्हणणार? म्हातारा मुठी आपटत होता तो आवाजावर नाही, आपलं घर हातचं जाऊ नये म्हणून. तिला त्याचा राग यायला हवा होता. घरोघर केलेली वणवण, भांडणं, सगळं फुकट! पण आला तो गहिवर.

बाहेरून तीन-चार गाड्या गेल्या, माशा गुणगुणाव्यात तशा. क्लोदेत चुलीला टेकून उभी होती आणि बापाच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नव्हती.

आणि मग तो आवाज आला.

आधी जंगलाच्या कडेला, मग वळणावर, मग थेट शेतात. पत्र्याच्या पिंपात कुणी साखळदंड घुसळावेत तसा. ओदिलने तो तत्काळ ओळखला. अख्ख्या खोऱ्यात असा ओरडणारा डबा एकच होता. रोझेर, मेल्या, आईची शपथ घेतली होतीस ना!

म्हातारा शांतपणे गुंडाळी करत होता.

क्लोदेतचे डोळे भरून येऊ लागले. ती फक्त वाट पाहत राहिली. तिचंही काही चुकत नव्हतं. ओदिलने नुसतं ताटात बघत राहायचं होतं, बस. आवाज निघून गेला असता, म्हातारा उद्या लेकीबरोबर शहरात गेला असता आणि वाट कायमची राहिली असती. यात तिच्याकडे कुणी बोट दाखवू शकलं नसतं.

म्हाताऱ्याने मान वर केली. त्याने लेकीचा चेहरा पाहिला, आणि काहीतरी चुकलंय हे त्याला कळलं. काय, ते कळेना. त्याची नजर भिरभिरत ओदिलकडे आली. एवढा घाबरलेला ओनेझिम तिने कधी पाहिला नव्हता.

ओदिलने काटा खाली ठेवला. त्याच्या खांद्यावरून खिडकीकडे बघून तिने डोळे मिटले आणि दातांखाली खडा आल्यासारखं तोंड वाकडं केलं.

पुढच्या क्षणी टेबलावर मूठ आदळली. वाडगे उडाले.

"ऐकलंत? ऐकलंत ना? तरी म्हणतील म्हातारा उगाच ओरडतो! आणि हा दुसरा कुणी नाही, हिचा भाऊ आहे, रोझेर! एवढा माज दुसऱ्या कुणाला नाही. झालं! उद्या साखळी. ओदिल, तुझं जेवण झालं की तू जा."

"पपा, पपा, हळू!" क्लोदेत रडता रडता हसत होती. "छातीत कळ येईल अशाने!"

ओदिलने उरलेलं जेवण तसंच संपवलं. ती उठली तेव्हा म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

ती तडक गॅरेजात पोचली तेव्हा रोझेर गाडीवरून उतरतच होता.

"ताई, एकदाच गं! पलीकडच्या गिऱ्हाइकाला आवाज ऐकवायला नेला होता. विकला, गेला, विषय संपला."

"संपला खरा. उद्या साखळी बांधतायत."

रोझेरचा चेहरा पडला. मग तो म्हणाला, "पण म्हातारा ठार बहिरा झालाय असं ऐकलं होतं मी. त्याला कसं काय ऐकू गेलं?"

"तुझा डबा ऐकायला कान कशाला लागतात? मेलेलं माणूस उठून बसेल!" ती कडाडली. "आणि असलं काही परत बोललास तर याद राख."

त्या रात्री तिने हॉटेलातल्या दोन्ही पोरींना दुसरं काम बघायला सांगितलं. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता, आणि का ते सांगायचीही सोय नव्हती.

रविवारी क्लोदेत एकटीच परत गेली. सोमवारी सकाळी ओदिल शेतातल्या वाटखुणांचे बांबू उपटायला गेली. शेताच्या तोंडाशी साखळी होती, शब्दाप्रमाणे. पण साखळीच्या अलीकडून ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा डावीकडे वळल्या होत्या. तिने माग धरला. शेताच्या मागच्या कडेने, स्प्रूस झाडांच्या रांगेआडून, गाडी जाईल एवढ्या रुंदीचा बर्फ दाबून सपाट केलेला होता. पार टोकाला म्हातारा पाठमोरा उभा राहून हातोड्याने खुंट्या ठोकत होता.

"काका!"

तो ठोकतच राहिला. ओदिल वळसा घालून त्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

"इकडून न्या गाड्या," तो हातोडा थांबवून म्हणाला. "मध्ये झाडं आहेत. घरापर्यंत आवाज येत नाही."

"नाही येणार," ती ओठ नीट हलवत, सावकाश म्हणाली.

म्हाताऱ्याने पहिल्यांदाच तिच्या ओठांवरून नजर काढून डोळ्यांत पाहिलं.

"पण एक अट आहे. सकाळी यंत्राने वाट दाबायला तूच येतेस ना?"

"मीच."

"मी तेव्हा खिडकीशी कॉफी घेत असतो. घरापर्यंत ये आणि हात कर. मीही करीन."

"आणि नाही केलात तर?"

त्याने खाली वाकून पुढची खुंटी उचलली, बर्फात रोवून सरळ धरली.

"तर दार वाजवत बसू नकोस," तो म्हणाला. "सरळ आत ये."