टचिंगकाकांचा मॉनिटर

“ही माझी आई नाही,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी फ्रेम काउंटरवर पालथी ठेवली.

टचिंगकाकांनी ती उचलून सुलटी केली. फोटो त्यांनीच केलेला होता. घरातल्या कुठल्याशा समारंभाच्या गर्दीतून म्हातारीचा चेहरा वेगळा काढला होता, खांद्यावर आलेला कुणाचा तरी हात पुसला होता, मागच्या खुर्च्या घालवून साधा पडदा टाकला होता. चार दिवसांचं काम. त्यात बोट ठेवायला कुठे जागा नव्हती.

“अहो, तुम्हीच दिलेला फोटो आहे,” काका म्हणाले. “नाकडोळ्यांना मी हात लावलेला नाही.”

“नाकडोळे तिचेच आहेत. रंग बघा ना. शेवटच्या दिवशी दवाखान्यात अशी दिसत होती ती. तो चेहरा विसरता यावा म्हणून तर मी हा फोटो करून घेतला.”

बाई बसच्या तिकीट खिडकीवर कामाला होत्या. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायची सवय असेल, त्या आवाज चढवत नव्हत्या. काकांना तेच जास्त लागलं. भांडल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

आतल्या खोलीतून मालक बाहेर आला. त्यानं फ्रेम दाराशी उजेडात नेऊन पाहिली, मग काकांकडे पाहिलं.

“स्क्रीन जुनी झालीये,” काका पटकन म्हणाले. “तिच्यावर एक दिसतं आणि छापून दुसरंच येतं. मी कधीपासून सांगतोय.”

खरं तर त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. मालकानंही ते उघडं पाडलं नाही. त्यानं बाईंना आठ दिवसांनी यायला सांगितलं, आणि फ्रेम ठेवून त्या गेल्या.

स्टुडिओत येणाऱ्या कुणालाही काकांचं खरं नाव ठाऊक नव्हतं. थोरले मालक होते तेव्हापासून ते इथे होते. आधी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं सुरकुत्या पुसायचे, पुढे काळ्यापांढऱ्या फोटोंत रंग भरायचे आणि गेली वीस वर्षं कॉम्प्युटरवर तेच करत होते. कुणाचे मिटलेले डोळे उघडून द्यायचे, कुणाच्या दातातली फट बुजवून द्यायची. एकदा तर एका गृहस्थांना ते ज्या लग्नाला गेलेच नव्हते त्या लग्नात नेऊन बसवलं होतं, तेही पुढच्या रांगेत. थोरले मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, “माणूस आणा, नाही आणला तरी चालेल. आमचा टचिंगवाला बघून घेईल.”

आता थोरले नव्हते. फाटकेतुटके जुने फोटो घेऊन येणारी माणसंही कमी झाली होती. ज्याच्या त्याच्या हातात फोन होता आणि चेहरा गोरा करायला एक बोट पुरत होतं. स्टुडिओ चालत होता तो पासपोर्टच्या आणि शाळेच्या फोटोंवर.

दुपारी मालकानं काकांना आत बोलावलं. चारचौघांत काका त्याला मालक म्हणत; आत मात्र ‘अरे’ असायचं, कारण हाफपँटमधल्या त्याला त्यांनी डार्करूममधून कान धरून बाहेर काढलेलं होतं.

“काका, नवीन घेऊच आपण. पण या वर्षी एकच जमेल.” त्यानं टेबलावर दोन छापील कागद ठेवले. “हा ऑल-इन-वन. स्क्रीनमध्येच सगळं असतं, खाली डबा नाही, एक वायर. पुढे काउंटरवर ठेवला की लोकांना समोर फोटो दाखवता येतो. पासपोर्टच्या कामाला उत्तम. आणि हा नुसता मॉनिटर. मोठा, रंगांचा पक्का. आपला जुना सीपीयू याला चालेल. पण हा घेतला तर तो आतच राहणार, तुमच्या कामाला.”

“आणि पुढचं काम?”

“चाललंय तसं चालवू. रांग लागते, लोक वैतागतात, चालायचंच.” त्यानं दोन्ही कागद काकांकडे सरकवले. “तुम्ही ठरवा. तुम्ही म्हणाल ते आणतो.”

“ऑल-इन-वनची स्क्रीन गेली तर अख्खी पेटीच दुरुस्तीला न्यावी लागते,” काका म्हणाले. “सुट्टा मॉनिटर बरा. बिघडला तर तेवढाच बदलायचा.”

“मग तो घेऊ. पण एकदा डोळ्यांनी बघून या.”

काका मान हलवून बाहेर आले. बाजी मारल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तसं वाटेना.

गेल्या महिन्यात बायकोनं त्यांना लोकरीचा नमुना देऊन तसलीच लोकर आणायला पाठवलं होतं. त्यांनी आणलेली पाहून ती हसत सुटली. “अहो, आयुष्य रंगांत घालवलंत आणि राखाडीच्या जागी जांभळी घेऊन आलात?” दुकानातल्या दिव्यांवर खापर फोडून ते मोकळे झाले होते. साखरेचा आजार जडून अकरा वर्षं झाली होती. डोळे तपासून घ्या असं डॉक्टर दरवेळी सांगायचे आणि दरवेळी काका ‘हो’ म्हणायचे.

रविवारी सकाळी ते पेनड्राइव्ह खिशात घालून कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दोन्ही वस्तू शेजारीशेजारी मांडलेल्या होत्या. दुकानातली मुलगी उत्साहानं बोलत होती, कुठे जागा किती वाचते, कशाची हमी किती वर्षांची. काकांनी तिला मध्येच थांबवलं.

“माझा एक फोटो लावून दाखवा. दोन्हीवर.”

तिनं म्हातारीचा फोटो दोन्हीकडे उघडला. काका मोठ्या मॉनिटरसमोर वाकले. कातडी स्वच्छ होती, ओठ ठीक होते, कुठे पिवळेपणा नव्हता. त्यांचा जीव भांड्यात पडला.

“बघा,” ते म्हणाले, “याला म्हणतात रंग. त्या दुसऱ्यावर जरा मंद वाटतो, नाही?”

मुलगी चुळबुळली. “काका, एक विचारू? रागावणार नसाल तर.”

“विचारा की.”

“या आजी आजारी होत्या का?”

“का हो?”

“ओठ निळसर आहेत ना. आणि डोळ्यांखाली पण. दोन्हीवर तसंच दिसतंय.”

काकांनी पुन्हा पाहिलं. अगदी नाक स्क्रीनला लागेपर्यंत जवळ जाऊन पाहिलं. निळं कुठेच नव्हतं. मग त्यांनी पेनड्राइव्हमधला दुसरा फोटो उघडायला सांगितला. बाईंनी दिलेला मूळ फोटो. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा काकांना वाटलं होतं, काय हे, हळद फासल्यासारखी दिसतेय म्हातारी. ती हळद काढण्यातच त्यांचे दोन दिवस गेले होते.

“आणि हा?”

“हा छान आहे की!” मुलगी म्हणाली. “हा एकदम बरोबर आहे. रंग असाच ठेवा ना, त्याला काही करायलाच नको.”

काकांनी काउंटरची कड धरली. मुलीनं खुर्ची पुढे केली, पाणी आणू का विचारलं. “नको,” ते म्हणाले. “तुम्ही बरोबर सांगितलंत. कुणीतरी सांगायलाच हवं होतं.”

घरी जाताना त्यांच्या डोक्यात ही एक म्हातारी नव्हती, बाकीचे सगळे होते. गेल्या वर्षभरात हाताखालून किती चेहरे गेले? निवृत्त झालेला पोस्टमन, जुळी मुलं, कुणाचे तरी धाकटे काका, एक लग्नाची तसबीर. सगळे आता कुणाकुणाच्या भिंतींवर निळसर पडून टांगलेले असतील. ही बाई बोलली. बाकीच्यांनी भिडेपोटी घेतले असतील, पैसे दिले असतील, वर आभार मानले असतील. आणि आपण ते मान डोलावून घेतले.

बायकोला त्यांनी सगळं सांगितलं. ती या वेळी हसली नाही. दुसऱ्या दिवशी तीच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डोळ्यांत थेंब घालून, दिवा मारून झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, “साखरेनं आतल्या पडद्याला सूज आलीये. आहे ती नजर टिकवायला इंजेक्शनं देऊ. पण रंगांचं जे गेलंय ते परत येईल असं मी सांगत नाही.”

“वाचता येईल ना त्यांना?” बायकोनं विचारलं.

“येईल. सगळं करता येईल. रंग तेवढे सांभाळा.”

“त्यांचं कामच तेवढं आहे हो,” बायको म्हणाली.

थेंबांमुळे डोळे दिपत होते, म्हणून येताना तिनं त्यांचा हात धरला होता. घर आलं तरी तिनं तो सोडला नाही.

मंगळवारी काका स्टुडिओत गेले ते थेट आतल्या खोलीत. मालक शाळेचे फोटो कापत बसला होता.

“ऑल-इन-वन घे,” काका म्हणाले.

“का? मॉनिटर आवडला नाही?”

“मॉनिटर उत्तम आहे. दोष जुन्या स्क्रीनचा नव्हता. मी खोटं बोललो.” त्यांनी डॉक्टरांचा कागद टेबलावर ठेवला. “डोळे गेलेत माझे. म्हणजे दिसतं, पण रंग कळत नाहीत.”

मालकानं कात्री खाली ठेवली. कागद वाचला. त्याचा चेहरा आधी उतरला आणि मग पारा चढला.

“कधीपासून?”

“वर्ष झालं असेल. जास्तही असेल.”

“आणि मला आज सांगताय? काका, या दुकानावर बाबांचं नाव आहे. लोक काय म्हणत असतील?”

“म्हण तुला काय म्हणायचं ते.”

तो उठून खिडकीपाशी गेला, परत आला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “खरं सांगू? मला मॉनिटर घ्यायचाच नव्हता. महिन्याला दोन कामं येतात तुमची. पण ते तुमच्या तोंडावर कसं बोलायचं, म्हणून तुमच्यावर टाकलं.”

“ते कळलं होतं मला,” काका म्हणाले. “म्हणून तर हट्ट धरला.”

दोघंही कसंनुसं हसले. त्या हसण्यात काही मजा नव्हती.

तिकीट खिडकीवरच्या बाई ठरल्या दिवशी आल्या. काकांनी त्यांना आत बोलावलं आणि आपल्या शेजारी खुर्ची मांडली. आजवर गिऱ्हाइकाला त्यांनी या खोलीत कधी घेतलं नव्हतं.

“तुमचा मूळ फोटो बरोबर होता,” ते म्हणाले. “मी बिघडवला. माझ्या डोळ्यांना रंग कळेनासे झालेत. आता तुम्ही सांगा, मी करतो.”

बाई काहीतरी लागट बोलतील असं काकांना वाटलं. पण त्यांनी पर्स मांडीवर घेतली आणि खुर्ची पुढे ओढली.

“ओठ अजून जरा... हां. नको, फार लाल झाले. आई लिपस्टिक लावायची नाही.”

“आता?”

“आता आहेत. गालावर थोडं ऊन आल्यासारखं करा. स्वेटर मरून होता. हा नाही, हा तपकिरी झाला. मागे या. हां, इथेच थांबा.”

काका थांबले. त्यांना स्वेटर तपकिरीच दिसत होता.

“गळ्याशी एक टाका सुटलेला होता तिच्या स्वेटरला,” बाई म्हणाल्या. “तुम्ही तो बुजवलात.”

“परत उघडू?”

“उघडा.”

दीड तास लागला. शेवटी बाई काहीच सांगेनात, तेव्हा काकांनी मान वळवून पाहिलं. त्या रडत होत्या आणि रडतारडता मान हलवत होत्या, की आता हात लावू नका.

पुढच्या आठवड्यात ऑल-इन-वन आला. काउंटरवर त्याला खरंच जागा कमी लागली. मालकानं आतल्या खोलीतली खुर्ची उचलून पुढे आणली, नव्या स्क्रीनसमोर ठेवली आणि काकांकडे पाहिलं.

“बस तू,” काका म्हणाले. “मी लोकांचं बघतो.”

पहिलं गिऱ्हाईक नोकरीच्या अर्जाला फोटो हवा म्हणून आलेलं होतं. पन्नाशीचा गृहस्थ, दाढी घाईत केलेली, स्टुलावर अवघडून बसलेला. काम बंद पडलंय, या वयात पुन्हा अर्ज करायची पाळी आलीये, असं तो न विचारता सांगून गेला. काका त्याच्यापाशी गेले. त्यांनी त्याचे खांदे हलकेच मागे केले, हनुवटी एका बोटानं वर उचलली. शर्टाची कॉलर एका बाजूनं आत मुडपली होती. ती त्यांनी बाहेर काढली, दोन्ही टोकं चाचपून सारखी केली, आणि एक पाऊल मागे सरून, डोळे बारीक करून पाहत राहिले.

“घेऊ का, काका?” मालकानं विचारलं.

“थांब,” काका म्हणाले, आणि पुन्हा पुढे होऊन त्यांनी त्या माणसाचं वरचं बटण लावलं.