दुसऱ्या दाराबद्दल न लिहिलेलं वाक्य

मी माहितीचं एक पान बोलतोय. कागदाचं नव्हे, पडद्यावरचं. अक्रा शहरातल्या एका यंत्रात जन्मनोंदी साठवल्या आहेत. लांबच्या कचेऱ्यांनी तिथे कसं पोहोचायचं, ते मी सांगतो.

ते यंत्र सांभाळणाऱ्या सेलोर्मने मला एकाच बैठकीत लिहून काढलं. दारं दोन सांगितली: एक खास प्रोग्रामचं, दुसरं साध्या फोल्डरचं. खाली एक वाक्य टाकलं, ‘जतन केल्याशिवाय काहीही बदलत नाही.’ ते पहिल्याच दारापुरतं खरं होतं. त्याला ते माहीत होतं. माझ्यात मात्र ते आलंच नाही.

समुद्रकाठच्या केटा गावातल्या नोंदणी कचेरीत कारकून झिफाताई मला वाचायच्या. तिथल्या मूळ वह्या समुद्राने नेल्या होत्या. दुपारी दोनला वीज जायची आणि जुन्या संगणकावर उघड्या राहिलेल्या नकला बिघडायच्या, म्हणून त्याआधी त्या पुसून टाकायची सगळ्यांना सवय. त्या गुरुवारी ताईंनी फोल्डरच्या दाराने परीक्षेला बसणाऱ्या सतरा मुलांच्या नोंदी तपासल्या. छापायच्या राहिल्या.

“मी जतन कुठे करतेय,” असं म्हणत त्यांनी सगळ्या पुसल्या.

साडेतीनला वीज आली. फोल्डर रिकामं होतं. बाकावर हेडमास्तर आग्बेको बसले होते. जन्मनोंदीसकट नावं परीक्षा मंडळाकडे पाचच्या आत जायला हवी होती.

“मिळाल्या का, ताई?”

“बघतेय, सर.”

त्यांनी सेलोर्मला फोन लावला. तो म्हणाला, “ताई, त्या दाराने पुसलं की मूळच जातं.”

“हे लिहिलंयस कुठे?”

त्याने मला उघडलं. बराच वेळ वाचत राहिला. “ते तर सगळ्यांना माहीत असतं.”

“सगळे म्हणजे तू एकटाच ना रे?”

बारा वाजताच्या राखीव प्रतीतून सव्वाचारला सोळा नोंदी परत आल्या. सतरावी मुलगी एन्योनाम, तिची नोंद त्याच दिवशी साडेबाराला झाली होती, म्हणून ती त्यात नव्हती. तेव्हाच दिलेला दाखला तिच्या आईकडे, आई मासे घेऊन आन्लोगाच्या बाजारात. हेडमास्तर मोटारसायकलवर बसून निघाले. ताईंनी सोळा नावं पाठवली आणि दाराकडे बघत बसल्या.

ते सव्वापाचला आले. दाखल्याला मासळीचा वास होता.

“पुढच्या वर्षी बसेल ती,” हेडमास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सेलोर्मने फोन केला. “वाक्य तुम्ही सांगा, ताई.” त्यांनी सावकाश सांगितलं, त्याने लिहिलं. आता माझ्या माथ्यावर ते आहे: ‘फोल्डरमध्ये दिसते ती नक्कल नाही, तीच नोंद आहे. पुसाल तर गेली.’

मला लिहिणाऱ्यांनो, जे तुम्हाला सांगायचीही गरज वाटत नाही, ते आधी लिहा. एन्योनाम अजून त्याच वर्गात बसते.