रविवारी चालणारे लूम

दसऱ्याच्या दिवशी नथूभाऊ रणपिसे आपल्या शेडच्या दारात हात आडवा लावून उभे राहिले. आत त्यांचे सेकंडहँड लूम, कापड विणायचे यंत्रमाग, आणि बाहेर अंजूरचा लडकू, त्यांचा कारागीर, ताटात हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा घेऊन.

"शेठ, येक माळ तरी घालू द्या. वरीसभर ह्योच आपल्याला खायाला घालतो."

"लोखंडाला हात जोडायचे नाहीत. माझ्या शेडमध्ये मूर्तिपूजा चालणार नाही."

लडकू बिचारा माळा घेऊन घरी गेला. नथूभाऊंनी मात्र ही हकिगत चर्चमध्ये इतक्या वेळा सांगितली की पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी संदेश द्यायचं, म्हणजे प्रवचन करायचं काम त्यांच्यावरच सोपवलं. विषय बायबलमधलं सोन्याचं वासरू.

त्याच रविवारी त्यांची मुलगी करुणा पहिल्यांदा प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस घेणार होती. आठवडाभर तिचं एकच चाललं होतं, "बाबा, तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी पाहिजे." पोरीचा हट्ट वावगा नव्हता. उन्हाळ्यापासून लूम रविवारीही चालत आणि नथूभाऊ उपासना अर्धवट टाकून उठत. चर्चच्या मंडळीचे पंच ते; त्यांना कोण बोलणार? शिवाय आमची उपासना ज्या हॉलमध्ये भरे, त्याचं भाडं तेच भरत. त्यांच्या शेडची भिंत आमच्या हॉलला लागूनच होती. तो खडखडाट आमच्या इतका अंगवळणी पडला होता की गाणीसुद्धा आम्ही त्याच ठेक्यावर म्हणायचो. आता ते सांगायलाही लाज वाटते.

संदेश मात्र झकास झाला. मोशे डोंगरावर, खाली लोक उतावीळ आणि त्याचा भाऊ अहरोन पूजेचं वासरू ओतायला बायकापोरांच्या कानातलं सोनं गोळा करतोय, सगळं डोळ्यांपुढे उभं केलं. मोशेने जाब विचारल्यावर अहरोन म्हणतो, मी सोनं आगीत टाकलं आणि हे वासरू आपोआप बाहेर आलं! आम्ही पोट धरून हसलो. मग नथूभाऊ गंभीर झाले. "देवाच्या जागी जे बसतं, ती मूर्ती," ते म्हणाले. आम्ही जोरात आमेन म्हटलं.

मग पाळकसाहेब मेजाजवळ गेले. नथूभाऊ आणि करुणा पुढे जाऊन शेजारी शेजारी गुडघ्यांवर बसले. पांढऱ्या साडीत पोर मोठी दिसत होती.

आणि भिंतीपलीकडचा खडखडाट थांबला.

डोक्यावरचे पंखे फिरत होते, म्हणजे लाइट गेली नव्हती. नथूभाऊंची मान भिंतीकडे वळली. पाळकसाहेब भाकर मोडत होते. नथूभाऊ उठले.

"बाबा, थांबा ना," करुणा पुटपुटली.

"आलोच," म्हणून ते गेलेसुद्धा.

शेडमध्ये काय झालं ते लडकूने मागाहून सांगितलं. लूम त्यानेच बंद केले होते. "ताईचा मोठा दिस हाय ना शेठ? म्हनलं, तुमची पूजा होईस्तोवर गप ठेवू."

"तुला कोणी सांगितलं? माल उद्या द्यायचाय!" नथूभाऊ ओरडले आणि एकेक लूम त्यांनी स्वतःच्या हाताने सुरू केला.

इकडे करुणाने भाकर घेतली तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. ओठ हलवत तिने डोळे मिटले आणि तेवढ्यात खडखडाट पुन्हा सुरू झाला. आम्ही सगळे खाली बघत राहिलो. कोणाला कोणाकडे बघायची हिंमत नव्हती.

नथूभाऊ परतले तेव्हा उपासना संपली होती. लडकूचं बोलणं वाटेत त्यांना बोचलं असावं, कारण चेहरा उतरला होता. दारात करुणा भेटली.

"रागावलीस?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"नाही बाबा. लूम ठीक आहेत ना?" ती काळजीने म्हणाली. "तुम्ही असे धावलात, मला वाटलं, आता आपलं कसं होणार? मी भाकर हातात घेऊन लूमसाठीच प्रार्थना केली. दुसरं काही सुचलंच नाही."

नथूभाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही आसपासच होतो. चपला शोधायच्या निमित्ताने खाली वाकलो.

पोरीचा चेहरा मात्र उजळला होता. "आणि लगेच सुरू झाले, बाबा," ती म्हणाली. "ऐकलं ना देवाने?"