फळा राहू द्या

त्या विभागात पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण एकाच पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात होतं. विषय संख्याशास्त्र. माहितीपत्रकात हे मोठं ऐटीत छापलेलं असे. मात्र तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ‘फळा’ असतो, हे आत शिरल्यावरच कळायचं. फळा म्हणजे तोंडी परीक्षा. सगळ्या विभागासमोर उभं राहायचं, हातात फक्त खडू, विभागप्रमुख वर प्रश्न लिहिणार आणि आपण खाली तो सिद्ध करायचा. जमलं तर फळा दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच ठेवत, येणारेजाणारे वाचत. नाही जमलं तर सर स्वतः उठून डस्टर फिरवत. मग तीन वर्षांची पदवी घ्यायची आणि गुमान चालतं व्हायचं. नापास हा शब्द कुणी उच्चारत नसे, माणसं फार सभ्य होती. ‘हिचा फळा पुसला’ म्हणत, एवढंच.

शंकासुराचा फळा सोमवारी पुसला गेला.

शंकासुर हे नाव सरांनीच ठेवलेलं. पहिल्या वर्षापासून ही मुलगी प्रत्येक तासाला हात वर करायची आणि सर म्हणायचे, ‘बोला शंकासुर’. वर्ग हसायचा, तीही हसायची. पण सोमवारी कुणी हसलं नाही. सरांनी आपला आवडता प्रश्न घातला होता. दोन राशी आहेत, म्हणजे योगायोगाने बदलणाऱ्या दोन संख्या. प्रत्येकीचं वितरण नॉर्मल, म्हणजे आलेख घंटेच्या आकाराचा. दोघींचा सहसंबंध शून्य, म्हणजे एक वाढली की दुसरी सरासरीने वाढते किंवा घटते, असं नाही. तर त्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, म्हणजे एकीवरून दुसरीबद्दल काहीही कळत नाही, हे सिद्ध करा. तिने प्रश्न वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाली, "सर, हे खरं नाही. मी उदाहरण देते." तिच्या दोन ओळी लिहून होताहेत तोवर सर उठले. उदाहरण मागितलं नव्हतं, सिद्धता मागितली होती, असं शांतपणे सांगून त्यांनी फळा पुसला. तिच्या बाहीवर पांढरी भुकटी उडाली.

प्रश्नात चूक काय होती ते सांगून टाकतो, उगाच ताणत नाही. दोघी मिळूनही नॉर्मल असल्या पाहिजेत, अशी एक अट त्या प्रश्नाला लागते. कधीकाळी ती सरांच्या प्रश्नात असेलही, मग गळाली. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळे एकच सिद्धता घोकून येत आणि तिच्या दुसऱ्या ओळीत ती अट गुपचूप आत घेत. सरही घेत. इतकी हुशार माणसं एका रांगेत बसून इतकी वर्षं मान डोलावत होती. अशी चूक करायलाही भरपूर शिकलेलं असावं लागतं.

फळा पुसलेल्याला एक संधी आणखी मिळे, त्याच प्रश्नावर. तिची शुक्रवारी होती. सरांच्या हाताखालच्या तरुण मॅडमनी तिला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, तुझं बरोबर आहे, मला ठाऊक आहे. पण ती अट तूच मनातल्या मनात धर, ठरलेली सिद्धता लिही आणि मोकळी हो. दोन वर्षांचा प्रश्न आहे बाई, कशाला हट्टाला पेटतेस? मॅडमची स्वतःची नोकरी अजून कायम झालेली नव्हती, त्यामुळे हा सल्ला अनुभवाचा होता. शंकासुर ‘बघते’ म्हणाली. खरं सांगायचं तर तिचं मन डळमळलं होतं. तिला ती दोन वर्षं हवी होती, भूक लागल्यावर जेवण हवं असतं तशी हवी होती.

ती मामाकडे राहायची. मामाचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. त्याला जेवताना हकीकत कळली तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. मोठ्या माणसाला चारचौघांत ‘खरं नाही’ म्हणायची काय गरज होती, हो म्हणाली असतीस तर तुझं काय जात होतं, असं त्याचं बराच वेळ चाललं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मामा, तू शिकवताना ‘चल पुढे’ म्हणालास आणि समोर माणूस आला, तर शिकणाऱ्याने काय करायचं?"

"ब्रेक दाबायचा. अजून काय?"

ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. मामाने पाण्याचा पेला उचलला.

बोलली ती ताई. मामाची ही मुलगी काही वर्षांपूर्वी त्याच अभ्यासक्रमाला होती. तिचाही फळा पुसला गेला, दुसऱ्या संधीला ती गेलीच नाही आणि तेव्हापासून बापाच्या शाळेत लोकांना क्लच सोडायला शिकवत होती. घरात त्या दिवसांचा विषय कुणी काढत नसे. ‘मी मठ्ठच होते’ असं ती इतक्या सहज म्हणायची, की सगळ्यांना ते पटलं होतं.

"प्रश्न काय होता?" ताईने विचारलं.

शंकासुराने सांगितला. ताईचा घास हातातच राहिला.

"मलाही हाच होता. दुसऱ्या ओळीवर अडले. तिथून पुढे जाताच येईना गं. सगळ्यांना येत होतं, मला येईना."

शंकासुराच्या डोक्यात तिडीक गेली. मॅडमचा सल्ला तिने तिथेच, भाताच्या ताटावर सोडून दिला.

शुक्रवारी खोली खचाखच भरली होती. सरांनी तोच प्रश्न लिहिला, तेच वळण, तीच गळालेली अट. त्यांनी लिहून पाठ वळवताच तिने खाली पहिली ओळ लिहिली: हे विधान असत्य आहे. मग मागे वळून तिने सरांना खिशातलं नाणं मागितलं. कुणीतरी खोकलं. काय होतंय ते न कळून सरांनी दिलं.

पहिली राशी नॉर्मल घ्या, ती म्हणाली. छापा आला तर दुसरी राशी तीच, काटा आला तर तीच पण उणे चिन्हाने. घंटा दोन्ही बाजूंनी सारखी असते, म्हणून दुसरीही नॉर्मल. नाणं निम्म्या वेळा चिन्ह उलटवतं, म्हणून सहसंबंध शून्य. एकेक ओळ तिने नीट लिहून दाखवली, आवाज न चढवता. मग नाणं सरांच्या हातात परत दिलं.

"उडवा, सर. कुणाला दाखवू नका. पहिली राशी दीड आली आहे. दुसरी किती असेल?"

"दीड," नाणं उडवून मुठीत झाकत सर म्हणाले. "नाहीतर उणे दीड."

"तीन असू शकेल?"

"नाही."

"पहिली किती हे मी सांगितलंच नसतं, तर असू शकली असती?"

सरांनी मुठीकडे पाहिलं. मूठ मिटलेलीच होती.

"मग या दोघी एकमेकींपासून स्वतंत्र कशा?"

मॅडमनी मान खाली घातली, पण हसू लपलं नाही. सरांनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला. वाईट माणूस नव्हता तो. फक्त त्याला कित्येक वर्षांत कुणी नाही म्हटलं नव्हतं. ते उठले आणि त्यांनी डस्टर घेतलं. पण त्यांनी पुसायला घेतला तो वरचा प्रश्न, आपला स्वतःचा. खाली तिचं सगळं शाबूत ठेवून. म्हणजे ती पास होती. दोन वर्षं तिची होती, फक्त तोंड मिटून उभं राहायचं होतं.

तिने डस्टर धरलं.

"प्रश्नही राहू द्या, सर. तो नसेल तर मी कशाला नाही म्हटलं ते कळणार नाही. बाहेर एक जण बघायला थांबली आहे."

सरांचा चेहरा लाल झाला. आता हा माणूस सगळाच फळा पुसणार, असं मॅडमना वाटलं, शंकासुरालाही वाटलं. तिने हात काढला नाही. शेवटी सरांनीच डस्टर सोडलं, खडू उचलला आणि पुसून गेलेले शब्द पुन्हा लिहिले, जसे होते तसे, चुकीचे. अक्षर जरा वाकडं आलं.

ताई आत आली ती गाडीची किल्ली हातात घेऊनच. तिने आधी प्रश्न वाचला, मग सावकाश एकेक ओळ उतरत नाण्यापर्यंत आली. तिथून पुन्हा वर गेली.

"म्हणजे अडायचं तिथेच अडले होते मी," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायची तिने तसदी घेतली नाही. ती सरांकडे वळली. "सर, माझी दुसरी संधी मी घेतली नव्हती."

सरांनी मॅडमकडे पाहिलं. नियमात त्याला मुदत कुठेच घातलेली नाही, असं मॅडम म्हणाल्या. यावेळी त्यांचा आवाज चांगला स्पष्ट होता.

शंकासुराने बाहीवरची भुकटी झटकली आणि उरलेला खडू ताईपुढे धरला.